हात लागलेलं गिऱ्हाईक

बाहेरच्या ट्रॉलरांनी पौषात गुणाजीची जाळी फाडून नेली, आणि त्या दिवसापासून घरातला पुरुष दारापुढच्या खळ्यात बसला नि घर सुभद्रेच्या डोक्यावरच्या पाटीत गेलं. गुणाजी दिवसभर माडाला पाठ लावून उरल्यासुरल्या जाळ्याला गाठी मारायचा. हातातली सुई चालायची, तोंड चालायचं नाही. वाटेने जाणाऱ्या कुणी विचारलंच, "काय गुणाजी, जाळा होतला मां?" तर तो मान वर न करता म्हणायचा, "होतला. मासे म्हातारे होतत तवसर होतला."

विचारणारा हसायचा आणि पुढे जायचा. गुणाजी हसायचा नाही.

सुभद्रा पहाटे किनाऱ्यावर लिलावाला उभी राहायची. परवडेल तेवढा बांगडा घ्यायची, आणि ऊन माडांच्या शेंड्यावरून खाली उतरेस्तोवर ती आणि तिची मुलगी दिव्या समोरासमोर आडाळ्यावर, विळीवर, बसून बांगडे चिरायच्या. पाठीकडून उघडायचा, आतडी काढायची, खाऱ्या पाण्यात धुवायचा, पोटात मीठ दाबून भरायचं. मीठ बांगड्यात जायचं तेवढंच बोटांच्या चिरांतही जायचं. सुभद्रेची बोटं आता टोकांना पांढरी पडली होती, पाण्यात राहिलेल्या दोरीसारखी. एक रात्र मिठात, मग वाळूवर अंथरलेल्या जुन्या जाळ्यावर ऊन खात पडलेले बांगडे, आणि त्यांच्यावर घिरट्या घालणारे कावळे. कावळ्यांना हाकलायचं काम दिव्याचं. ते ती लहानपणापासून करायची, पण यंदा ती कावळ्यांशी भाषण करायला लागली होती.

"ग्राहकराजा, माल तयार होऊ दे! आगाऊ उचल मिळणार नाही!"

"कोणाक सांगतंस?" सुभद्रा विचारायची.

"कावळ्यांक. ते आमचे ग्राहक."

"ते आमचे चोर आसत. दगड मार."

खरं सांगायचं तर, गेल्या दिवाळीपर्यंत या मुलीच्या तोंडून वर्गात 'हजर' याखेरीज शब्द फुटत नसे. तो 'हजर'सुद्धा असा, की सर दोनदा वर बघत. मग पुण्याच्या एका संस्थेकडून किरण मॅडम आल्या. शनिवारी शाळा सुटायच्या आधी दोन तास त्या नववीला 'धंदा कसा चालतो' ते शिकवायच्या. कापलेले केस, खांद्याला कापडी पिशवी, आणि वर्गात शिरल्या शिरल्या खुर्चीवर नाही तर टेबलावर बसायची सवय. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कुणाकुणाच्या घरी व्यवसाय आहे?"

स्वरूपचा हात वर गेला. त्याच्या वडिलांचं तिठ्यावर किराणा दुकान. बाकी वर्ग बाकावरची रेघ बघत बसला.

"तुझ्या घरी काय करतात?" मॅडमनी नेमकं दिव्याला विचारलं.

"व्यवसाय नाही, मॅडम. आई मासे विकते."

वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या टेबलावरून खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "रोज माल घेते, त्यावर प्रक्रिया करते, बाजारात नेऊन विकते. हा व्यवसाय नाही, तर मग व्यवसाय म्हणजे काय? तुझी आई उद्योजक आहे."

उद्योजक! दिव्या त्या दिवशी घरी चालत आलीच नाही, तरंगत आली. आणि मग तिच्या घशातलं बूच जे उडालं ते उडालंच. भांडवल, कच्चा माल, मागणी, पुरवठा, स्पर्धा, जाहिरात. एकेक शब्द ती जिभेवर घोळवायची, जसा काही खोबऱ्याचा तुकडा. बापालासुद्धा तिने सोडलं नाही. "बाबा, तुमचो कच्चो माल समुद्रात आसा, पण तुमचा उत्पादनाचा साधन फाटला."

गुणाजीने सुई थांबवली. "ह्यां माका म्हायत न्हवता," तो म्हणाला. "बरा झाला सांगलंस."

माघ लागता लागता मॅडमनी जाहीर केलं की नववीच्या मुलांनी एक खरीखुरी कंपनी काढायची, खराखुरा माल करायचा आणि कसालच्या आठवडा बाजारात जाऊन खराखुरा विकायचा. दिव्याचा गट सुक्या मासळीचा. स्वरूपला नाव हवं होतं 'सिंधु सी फूड्स'. प्रियांका म्हणाली, "ताजी सुकी."

"सुकी ती ताजी कशी?"

"वाचणारो तेच इचारीत, आणि थांबात," प्रियांका म्हणाली. मॅडमनी टाळी वाजवली. झालं, 'ताजी सुकी'. व्यवस्थापक दिव्या.

किंमत ठरवायला मॅडमनी फळ्यावर रकाने पाडले. मासळी, मीठ, पाकिटं, वाहतूक, मजुरी. मीठ दिव्याच्या घरचं. पाकिटं संस्थेची. वाहतुकीला शाळेच्या सरांची जीप. मासळीचा भाव तेवढा लिहिला. मग मॅडमचा खडू 'मजुरी'वर येऊन थांबला.

"मासे साफ कोण करणार? खारवणार कोण?"

"माझी आई, मॅडम," दिव्या म्हणाली. "ती तशीही करतेच." आणि उत्साहाच्या भरात तिनेच उठून डस्टर घेतलं आणि 'मजुरी' पुसून टाकली. खडूची पूड तिच्या वेणीवर पडली.

"अशी शून्य नाही धरता येत, दिव्या," मॅडम म्हणाल्या. पण तेवढ्यात घंटा झाली, पोरं दप्तरं आवळायला लागली. मॅडमनी घड्याळ पाहिलं. त्यांना कुडाळची गाडी गाठायची होती. "बरं, शिकण्यापुरतं चालेल. पुढच्या वेळी बोलू."

पुढच्या वेळी जाहिरातीचा धडा होता.

सुभद्रेने बांगडे दिले. चांगले दिले, मधले, एकसारखे. स्वतःच्या पाटीला मोठे-लहान मिसळून ठेवले. चार दिवस मुलीच्या कंपनीचा माल तिने आधी उलटवला आणि आपला नंतर. मुलीने घरात पाकिटांचा ढीग मांडला, मेणबत्तीवर प्लास्टिकची तोंडं चिकटवली, वर स्वरूपने काढलेलं होडीचं चित्र लावलं. सुभद्रा एक पाकीट हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिली.

"वास खंयसून घेवचो?" तिने विचारलं.

"वास घेवची गरज नाय, आये. विश्वास. ब्रँड."

"बरा," सुभद्रा म्हणाली आणि पाकीट खाली ठेवलं. मग जरा थांबून म्हणाली, "एक सांगतंय. थंय आमच्या रांगेकडे बसा नको. पैल्याड भाजीवाल्यांकडे बसा."

कसालच्या बाजारात सुक्या मासळीवाल्या बायका जुन्या गोदामाच्या भिंतीला लागून बसतात. तिथे दुपारपर्यंत सावली असते. रांगेच्या डोक्याला तुळसा, मग सीता, तिसरी सुभद्रा. ही तिसरी जागा सुभद्रेला सासूकडून आली होती आणि सासूला तिच्या सासूकडून. कुणी कागद केलेला नव्हता, कुणी दोरी बांधलेली नव्हती. आणि रांगेचा एक कायदा होता, तोही कुणी कुणाला शिकवत नसे. गिऱ्हाईक पाटीसमोर उकिडवं बसलं आणि त्याचा हात मासळीला लागला, की ते त्या बाईचं. मग ते भाव करू दे, शिव्या देऊ दे, मासळी नाकाला लावून तोंड वाकडं करू दे. शेजारणीने त्या वेळी आभाळाकडे बघायचं. लहानपणी आईच्या पाठीमागे गोणपाटावर बसून दिव्याही आभाळाकडे बघायला शिकली होती. गोदामाच्या पन्हाळीत कबुतरांनी कुठे कुठे घरटी केलीत ते तिला पाठ होतं.

पण मॅडमनी जागा निवडली ती रांगेच्या बरोब्बर समोर. "जिथे ग्राहक, तिथे आपण," त्या म्हणाल्या. दिव्याने एकदा आईकडे पाहिलं. सुभद्रेने पदर सारखा केला आणि पाटीतले बांगडे पुन्हा रचायला घेतले.

शिमगा दोन आठवड्यांवर आला होता. इथून पुढे मिरगापर्यंत लोक पावसाची सुकी मासळी भरून ठेवतात; बायकांचं वर्ष या तीन महिन्यांवर चालतं. गर्दी उसळली होती. दिव्याने गणवेशाच्या बाह्या दुमडल्या, स्टुलावर उभी राहिली आणि तिचा आवाज जो निघाला, तो पार रिक्षा स्टॅंडपर्यंत गेला.

"ताजी सुकी, ताजी सुकी! सुकी ती ताजी कशी, येऊन बघा तरी कशी!"

लोक थांबले. हसले. गणवेशातल्या पोरी-पोरांकडे बघून त्यांना मौज वाटली, आणि भाव ऐकून तर हात आपोआप खिशात गेले. पाकिटं भराभर जाऊ लागली. प्रियांका पैसे घ्यायची, स्वरूप पिशव्या भरायचा, मॅडम बाजूला उभ्या राहून फोटो काढायच्या. अंगात वारं भरल्यासारखं दिव्याला वाटत होतं. एवढी माणसं आपल्या एका आवाजावर वळतात! चौदा वर्षं हा आवाज होता कुठे?

तेव्हा महामार्गावरचा दत्ताराम खानावळवाला आला. हे गिऱ्हाईक म्हणजे बाजारातलं मोठं गिऱ्हाईक. अख्ख्या पावसाळ्याची मासळी एकदम घेणारं. सवयीने तो तुळसेसमोर उकिडवा बसला. एक बांगडा उचलला. शेपटीकडून वाकवून पाहिला. सीतेने आभाळाकडे पाहिलं. सुभद्रेने आभाळाकडे पाहिलं.

दिव्याने दत्तारामकडे पाहिलं.

"काका!" ती स्टुलावरून ओरडली, अगदी शाळेच्या शुद्ध मराठीत. "इकडे या, काका! बंद पाकिटातला माल, वाळूचा कण निघाला तर पैसे परत! सगळा खर्च धरून हा भाव आहे, याच्यापेक्षा कमी बाजारात कुणी दिला तर दाखवा!"

दत्तारामने मान वळवली. हातातला बांगडा हातातच राहिला. मग तो त्याने पाटीत ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठला आणि हसत हसत पलीकडून अलीकडे आला. उरलेली सगळी पाकिटं त्याने घेतली. "वाघीण आसा रे ही," तो म्हणाला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, पोरांनी वाजवल्या, दोन भाजीवाल्यांनीही वाजवल्या.

गोदामाच्या भिंतीकडे कुणी टाळी वाजवली नाही.  तुळसा उठली. साठीची बाई, पायाला फुगलेल्या शिरा. ती दिव्याकडे आलीच नाही. रांगेतून दोन पावलं चालून ती सुभद्रेसमोर उभी राहिली आणि तिने दिव्याकडे बोट केलं.

"ह्यां तुझां चेडू मां?"

"व्हय, काकी."

"वाळू म्हणाला ता चेडू. आमच्या मासळीत वाळू. तुझ्याय मासळीत."



"उठ, सुभद्रे. मिरगापर्यंत थंय गटाराकडे बस."

सुभद्रेने वाद घातला नाही. समोर शाळेची मॅडम होती, मुलीचे सवंगडी होते, त्यांच्यापुढे आवाज नको असं तिला वाटलं असेल. तिने चुंबळ डोक्यावर ठेवली, पहिली पाटी उचलायला वाकली. एरवी सीता हात लावते. सीता आभाळाकडे बघत होती. तेव्हा सुभद्रेने पाटी आधी गुडघ्यावर घेतली, मग छातीवर, मग मान खाली घालून डोक्यावर, आणि तिचा पदर मासळीखाली अडकून खांद्यावरून ओढला गेला तो तिला दुसरा हात मोकळा नसल्याने सावरता आला नाही.

"दिव्या, तुझी आई खंय चालली?" प्रियांकाने विचारलं.

"थंयची सावली गेली असात," दिव्या म्हणाली. आणि गोदामाच्या भिंतीला तर ढळढळीत सावली होती.

त्या संध्याकाळी जीपमध्ये पोरं गाणी म्हणत होती. दिव्याही म्हणत होती. तोंड हलत होतं.

सुभद्रा अंधार पडता पडता आली. बायकांच्या टेम्पोत तिला बसायला जागा निघाली नव्हती, ती मागच्या फळीला धरून उभी राहून आली होती. दोन्ही पाट्या भरलेल्या. तिने त्या पडवीत उतरवल्या आणि मान उजवीकडे वळवून पाहिली; वळत नव्हती.

"जेवलंस?" तिने दिव्याला विचारलं.

"आये, माका..."

"भात वाढून घे."

गुणाजीने बाहेरून विचारलं, "विकला न्हाय?"

"जागा गेली," सुभद्रा म्हणाली.

 मग गुणाजी म्हणाला, "तुझीय गेली?" आणि हसला. जाळी गेल्यापासून पहिल्यांदा हसला तो हा.

पुढच्या बाजारी सुभद्रा गटाराकडे बसली. तिथे सावली नाही. दहा वाजता ऊन डोक्यावर आलं, बांगड्यांना पाणी सुटलं, गटारातल्या माशा उठून पाटीवर बसल्या. लोक यायचे, नाक मुरडायचे, "गटाराकडचो माल" म्हणून पुढे जायचे. जुनी गिऱ्हाइकं तिसऱ्या जागेपाशी थबकायची, इकडेतिकडे बघायची आणि सीतेसमोर बसायची. सीतेचा तरी काय दोष! सुभद्रा हाक मारू शकत होती. तिने मारली नाही. हात लागलेलं गिऱ्हाईक. ती गटाराकडे बघत बसली, कारण आभाळाकडे बघायचं तर तिथे ऊन होतं.

भरून नेलेल्या पाट्या भरून परत येऊ लागल्या. मिठाचं ओलं ओझं. सुभद्रेच्या मानेवर डाव्या बाजूला मुठीएवढी गाठ आली. रात्री गुणाजी खोबरेल तेल चोळायचा आणि दोघं एकमेकांकडे बघायची नाहीत. इकडे शाळेच्या प्रार्थनेत मुख्याध्यापकांनी दिव्याला पुढे बोलावून तिचं कौतुक केलं.

शनिवारी दिव्याने मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमचा चेहरा उतरला. "मला माहीत नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "पण असं कुणी कुणाला उठवू शकत नाही. बाजार सगळ्यांचा असतो. आपण ग्रामपंचायतीत जाऊ या. मी येते तुझ्याबरोबर."

दिव्याच्या डोळ्यांसमोर आलं: गोदामाच्या भिंतीशी मॅडम, मॅडमच्या मागे ग्रामसेवक, ग्रामसेवकाच्या मागे शिपाई. आणि मग सगळे निघून गेल्यावर रांगेत एकटी आई.

"नको मॅडम," ती म्हणाली.

"का?"

हे सांगायला शिकलेल्या शब्दांपैकी एकही पुरत नव्हता. "नकोच," ती म्हणाली. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात चांगला होता, मऊ होता. शिमग्याच्या सुट्टीला मॅडम पुण्याला गेल्या, त्यांचं या वर्षाचं काम संपलं होतं.

मग दिव्या एकटीच तुळसेच्या घरी गेली. तुळसा पडवीत सूप घेऊन सुका जवळा पाखडत होती.

"काकी."

"कोण? वाघीण?" तुळसेने सूप थांबवलं नाही. "बस. उबी ऱ्हवान बोला नको, माझी मान दुखता."

दिव्या बसली. "काकी, चुकी माझी आसा. आयेक कित्याक उठवलास? माका काय ता बोला."

"तुका काय बोलू? तुझी जागा आसा रांगेत?"

"नाय."

"मगे? जेका जागा आसा तेकाच उठवूक येता." जवळ्यातला एक शिंपल्याचा तुकडा तिने बोटाने टिपून बाहेर टाकला. "तुझ्यार राग नाय गो माझो. चेडू तू. शाळेत ऱ्हवान बाजाराची रीत इसारलंस."

इथे दिव्याने मान हलवली असती तर निभावलं असतं. पण गेल्या चार महिन्यांत तिला खरं बोलायची खोड लागली होती.

"इसारलंय नाय," ती म्हणाली. "म्हायत होता माका."

सूप थांबलं.

"म्हायत होता? मगे हाक कित्याक मारलंस?"

दिव्याने खूप शोधलं. शेवटी जे होतं तेच बाहेर आलं. "आंगार गणवेश होतो."

तुळसा तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या पोटातून हसू वर आलं, इतकं की तिला खोकला लागला, डोळ्यांतून पाणी आलं. "आंगार गणवेश होतो म्हणान!" तिने आत सुनेला हाक मारून सांगितलं. "आयकलंस गो? गणवेश होतो आंगार! पोलिसाक पण असाच वाटता!" मग पदराने डोळे पुसले आणि आवाज खाली आणला. "जा चेडवा घराक. मिरगापर्यंत म्हटलंय मी, सगळ्यांसमोर. आता मागे घेतलंय तर उद्या कोणय कोणाच्या गिरायकाक हाक मारीत. माझी जागा तरी कशार आसा? रीतीरच आसा."

दिव्या उठली. तुळसेने कागदात मूठभर जवळा बांधून तिच्या हातात दिला. "आवशीक दी. ऊन लागता तिका थंय, म्हायत आसा माका."

सुभद्रेने पुडीकडे पाहिलं, कुणी दिली ते विचारलं नाही. संध्याकाळी तिने त्याची कांद्यावर सुकी भाजी केली आणि तिघांनी खाल्ली. चांगली झाली होती. कुणीच तसं म्हणालं नाही.

शिमगा झाला. आंब्याच्या पेट्यांनी भरलेले ट्रक देवगडकडून महामार्गाला लागले. घरात पडवीपासून माजघरापर्यंत खारे बांगडे रचलेले. विकत नव्हते आणि ठेवावेत तर पावसाची दमट हवा लागली की त्यांना बुरशी धरणार होती. सुभद्रा रोज त्यांना उन्हात काढायची, रोज आत घ्यायची. नवीन मासळी घ्यायला ती लिलावाला जात नव्हती. सकाळी नुसती दारात उभी राहून किनाऱ्यावरचा गलका ऐकायची.

अशा एका दुपारी खळ्यात टेम्पो येऊन थांबला. दत्ताराम खाली उतरला.

"पाकिटवाल्या चेडवाचा घर ह्यांच मां?"

सुभद्रा पदराला हात पुसत धावत आली. गुणाजी माडाखाली अर्धवट उठून उभा राहिला. दत्तारामने पडवीतली रास पाहिली, एक बांगडा उचलला, शेपटीकडून वाकवला, नाकाला लावला.

"बरो आसा माल. पाऊसभर पुरात इतको व्हयो माका. सगळोच घेतंय."

सुभद्रेचं तोंड उजळलं. किती दिवसांनी! तिने घाईने पाट ठेवला, दिव्याला पाणी आणायला पिटाळलं. "घेवा, घेवा. उन्हाचो माल आसा, मी स्वतः केललो. भावाचा म्हणशात तर..."

"भाव चेडवान सांगलोच हा," दत्ताराम म्हणाला.

दिव्या पाण्याचा तांब्या घेऊन दारात थांबली. 

"काका," ती म्हणाली, "तो शाळेचा भाव होता."

"शाळेचो म्हणजे?"

"त्यात मीठ धरलं नव्हतं. जीप होती, ती धरली नव्हती. आणि मजुरी..." ती आईकडे बघू शकली नाही. "मजुरी धरली नव्हती, काका. मीच पुसली. त्या भावाने आम्हाला काही उरत नाही."

दत्ताराम वाईट माणूस नव्हता. त्याने तिचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण तू मगे स्टुलार उबी ऱ्हवान काय सांगलंस? सगळो खर्च धरून, म्हणालंस. आख्ख्या बाजारान आयकला. त्या भावार विश्वास ठेवन मी थाळयेचो दर लावलो. आता मी दुप्पट भावान घेव?" त्याने बांगडा राशीवर परत ठेवला, जपून ठेवला. "माझी जबरदस्ती नाय. नको तर ऱ्हवांदे. तुळसाकाकी आसाच."

 टेम्पोचा ड्रायव्हर बिडी ओढत होता. सुभद्रेने गुणाजीकडे पाहिलं. गुणाजीने हातातल्या सुईकडे पाहिलं. मग सुभद्रेने पश्चिमेकडे नजर टाकली. आभाळ निळंशार होतं, पण ती त्याच्या मागून येणारे पावसाचे दिवस बघत असावी.

"देतंय," ती म्हणाली. "त्याच भावान."

"आये!"

"तू गप ऱ्हव."

"आणि एक," दत्ताराम टेम्पोकडे जाता जाता म्हणाला, "पाकिटात भरून दिया. थंय दिल्यात तशी. गिरायकाक दाखवूक बरा पडता. पाकिटां मी धाडतंय. परवा येतंय न्हेवक."

पाकिटं दुसऱ्या दिवशी आली, गठ्ठेच्या गठ्ठे. दोघी मायलेकी माजघरात बसल्या. दिव्याने बांगडे मोजून भरायचे, सुभद्रेने मेणबत्तीवर तोंड धरून चिकटवायचं. हे काम सुभद्रेने कधी केलं नव्हतं. मिठाने तिच्या बोटांची जाण गेलेली. ज्योत कुठे संपते ते तिला कळायचं नाही. आंगठ्याला वितळलेलं प्लास्टिक लागलं आणि चामडीसकट निघालं, तरी ती फक्त "हुं" म्हणाली.

"आये, दी हंय. मी करतंय."

"शिकतंय मां. आता ह्यांच करूचा आसा." तिने पाकीट उजेडाकडे धरून पाहिलं, फुंकर मारली, बाजूला ठेवलं. थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्या त्या शाळेत माका काय म्हणाली मॅडम? तू सांगी होतंस."

"उद्योजक."

"आणि आता? असो दुसऱ्याच्या भावान दुसऱ्याक माल भरून देता, तेका काय म्हणतत?"

दिव्याला तो शब्द येत होता. धड्यात होता, तिने तो चाचणीत बरोबर लिहिला होता. तरी तो ओठांवर यायला वेळ लागला.

"पुरवठादार."

"पुर..." सुभद्रा अडखळली. "पुरवट..."

"पुरवठादार."

"पुरवठादार," सुभद्रेने सावकाश, एकेक अक्षर लावत म्हटलं. "बरा नाव हा. मोठा हा." आणि भाजलेला आंगठा तोंडात घालून तिने दुसऱ्या हाताने पुढचं पाकीट ओढलं.